ड्यूकचं ताट

१

सकाळी सव्वाआठला भारत गाडी अंगणात काढायचा. एक किक, दुसरी किक, मग वाकून इंजिनाला कान लावायचा, जणू त्याला त्यातलं काही कळत होतं. धाकटा अंगद मागे बसायचा, दोघांचे डबे मांडीवर घेऊन. त्यांची आई उषाबाई दारात उभी राहून रोज तेच म्हणायची, "सावकाश जा रे." भारतही रोज तेच म्हणायचा, "जल्दी कुणाला हाय?"

गाव अंबड रस्त्याला लागून. तिथून जालन्याची एमआयडीसी अठरा किलोमीटर. त्या अठरा किलोमीटरांत आपलं सगळं सुख होतं, हे अंगदला पुढे कळलं. तेव्हा त्याला फक्त गार वारं, भारतच्या पाठीचा आडोसा आणि गोष्ट एवढंच कळायचं.

अंगद सळयांच्या मिलमध्ये कामाला होता. सातवीत असताना मास्तरांच्या हातातली छडी हिसकून त्याने खिडकीबाहेर फेकली आणि तिच्यामागोमाग स्वतःही उडी मारली. तो परत शाळेत गेला नाही. भारत मात्र बारावी झालेला, टायपिंगवर हात बसलेला. बियाण्यांच्या एका गोदामाच्या वर बद्रीनाथ शेठचं ऑफिस होतं. परदेशातल्या जुन्या पुस्तकांचे फोटो तिथे कॉम्प्युटरवर यायचे आणि पोरंपोरी ती अक्षरं बघून बघून उतरवायची. त्या वर्षी भारतच्या वाट्याला फ्रान्समधल्या एका खानदानाचं पुस्तक आलं होतं. सहाशे पानं. घराण्याचं नाव बोमारेन, पदवी ड्यूक. भाषा कळत नव्हती. पण दुपारच्या सुट्टीत भारत एकेक पान मोबाइलला दाखवायचा, मोबाइल त्याचं तोडकंमोडकं मराठी करायचा, आणि उरलेलं भारत स्वतः जुळवायचा.

"ड्यूक म्हंजी काय, पाटील?" पहिल्या दिवशी अंगदने विचारलं होतं.

"पाटलाच्या वर. देशमुखाच्या बी वर. राजाच्या जरा खाली. बाप मेला की थोरला ल्योक ड्यूक."

"आन् धाकटा?"

"धाकट्यानं गाडीवर मागं बसायचं. डबे धरून."

पानं उलटसुलट यायची, म्हणून ड्यूकही उलटसुलट यायचे. राजासाठी तीन दिवस एकट्याने पूल अडवून धरणारा पहिला ड्यूक. मुलगा झाला की नाशपातीचं झाड लावणारा एक. स्पेनहून तीनशे संत्री घेऊन सासरी आलेली आणि एकही कुणाला न देणारी एक डचेस, म्हणजे ड्यूकची बायको. अंगदचा लाडका होता तो गवतवाला. लोकांनी उठाव करून त्याची पदवी काढून घेतली, वाड्याच्या फाटकावरचा दगडी मुकुट छिन्नीने तासून टाकला, तेव्हा तो बाजारात गवत विकायला बसला. पुढे पदवी परत मिळाली, पण कुणाच्याही बंगल्यात गेला तरी आधी घोड्यापुढचं गवत उचलून चावून बघायचा.

"हा आपला माणूस," अंगद म्हणायचा. "हा टेंभुर्णीच्या बाजारात शोभला असता."

भारत हसला की त्याची पाठ हलायची. अंगदला ते मागून कळायचं.

२

शेवटची गोष्ट सकाळी जातानाची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या.

"गास्तो नावाचा ड्यूक मेला," भारत सांगत होता. "लेकरू न्हाई. म्हंजी पदवी धाकट्या भावाकडं, एत्येनकडं. पण त्या घरची रीत लई येगळी. मेलेला ड्यूक चाळीस दिवस ड्यूकच. त्याचा मेणाचा पुतळा करायचे, त्यालाच त्याचे कपडे घालायचे, खुर्चीत बसवायचे आन् ताट वाढायचे. वाढपी बराबर विचारायचा, मालक, आणखी काही?"

"आन् धाकटा कुठं?"

"धाकट्यानं चाळीस दिवस तोंड दाखवायचं न्हाई. जेवायचं बी मागल्या खोलीत. एका दालनात दोन ड्यूक दिसले न्हाई पाहिजे."

"येड्यांचं घर हाय बिलकुल."

"येडे काहून? आपुन कावळ्याला वाढतो, त्यायनं पुतळ्याला वाढलं."

"मंग एक्केचाळिसाव्या दिवशी काय झालं?"

"पान संपलं. उद्या."

मिलचं फाटक आलं होतं. अंगदला का कोण जाणे, एकदम राग आला. "रोज तुझं हेच. मला तसलं वाचता येत न्हाई म्हणून भाव खाऊन राह्यला," असं म्हणत तो गाडी थांबायच्या आधीच उतरला. संध्याकाळी तो भारतसाठी थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तर सात वाजताच निघून कामगारांच्या टेम्पोत जाऊन बसला. डबाही घेतला नाही.

त्या सकाळी धुकं होतं. उसाची एक ट्रॉली दिव्याविना रस्त्यात उभी होती. भारत सावकाशच चालवत होता म्हणे. लोकांनी अंगदला नेऊन जागा दाखवली, तेव्हा रस्त्यावर दोन डबे पडलेले होते. धाकटा उपाशी राहील म्हणून थोरला दोन्ही डबे घेऊन निघाला होता.

३

तेरवीला टेंभुर्णीहून काकासाहेब आले. हे उषाबाईंचे भाऊ, म्हणजे पोरांचे मामा. येताना टॉवेल-टोपी घेऊन आले. बारा वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा याच मामांनी पंधरा वर्षांच्या भारतच्या डोक्यावर टोपी ठेवली होती. टोपी कानांवर उतरत होती. पण त्या दिवसापासून पेरणी कधी करायची, गाय विकायची की ठेवायची, हे भारत ठरवू लागला. घराचा कर्ता झाला.

"बस पाटावर," मामा म्हणाले.

"न्हाई."

"अंगद, घराला माणूस लागतंय."

"माणूस हाय."

"कोण?"

अंगदने मामांच्या हातातली टोपी ओढून घेतली. मधल्या खोलीत भारतची खुर्ची होती, लाल प्लास्टिकची, तिच्या पाठीवर टोपी अडकवली आणि बाहेर येऊन भावकीसमोर म्हणाला, "थोरला बसलाय तिथं. त्याचे चाळीस दिवस होऊ द्या, मंग माझं बघा."

कच्चं दुःख आहे, कोण काय बोलणार. शेजारच्या नंदाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

पण अंगदला सगळ्यात जास्त छळत होतं ते वेगळंच. आई जेवत नव्हती. तेरा दिवस चहा आणि कुणी हातात कोंबला तर अर्धं बिस्कीट. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सलाईन लावलं, डॉक्टर म्हणाले, आठ दिवस असंच चाललं तर अवघड आहे. भावकीतल्या बायकांनी शपथा घातल्या. ती मान हलवायची आणि घास तोंडातून काढून ठेवायची.

चौदाव्या दिवशी सकाळी अंगदने विचार केला नाही. विचार करून त्याने आयुष्यात काहीच केलं नव्हतं. भारतचा निळ्या चौकड्यांचा शर्ट घेतला, त्यात उशी घातली, बटणं लावली आणि ती खुर्चीत टेकवली. ऑफिसचं ओळखपत्र गळ्याच्या जागी अडकवलं. वर टोपी. डोकं नव्हतं, तरी खोलीत कुणी बसलं आहे असं वाटायला तेवढं पुरलं. समोर स्टुलावर ताट ठेवलं आणि गोष्टीतल्या वाढप्यासारखं विचारलं, "दादा, आणखी काही?"

भिंतीकडे तोंड केलेली आई वळली. बराच वेळ बघत राहिली.

"कालवण घाल त्याला," ती म्हणाली. "कोरडं जात न्हाई त्याला."

ती उठली. कालवण तिनेच घातलं. मग खुर्चीसमोर जमिनीवर बसली, आणि एक चतकोर भाकरी खाल्ली.

अंगद मागच्या दारात जाऊन रडला. तेरा दिवस गेले, सत्तावीस उरले. सत्तावीस दिवस आई जेवेल. पुढचं पुढे.

४

मग ते घरातलं रोजचं काम झालं. आठ वाजता ताट. थोरला मधल्या खोलीत, आई त्याच्यासमोर, आणि अंगद बाहेर ओट्यावर. गोष्टीतली रीत पाळायची तर सगळीच पाळायची, असं त्याचं होतं. ओट्यावर उन्हात बसून भाकरी खाताना त्याला आतलं ऐकू यायचं.

आई बोलायची. जुनं जुनं काढायची. भारत लहान असताना बैलाच्या शिंगांना फुगे बांधून ठेवायचा ते. मामेबहीण तृप्तीच्या लग्नात त्याने वाढायला घेतलं आणि वरपक्षाला विसरून स्वतःच्याच मित्रांना तीनदा जिलबी वाढली ते. अंगद ऐकत ऐकत हसायचा. कितीतरी दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं. आईची पाठ सरळ झाली. तिने डोक्याला तेल लावलं.

फक्त एक. आई बोलता बोलता थांबायची. माणूस एकटं बोलतं तेव्हाही थांबतं, दम घेतं, आठवतं. पण हे थांबणं वेगळं होतं. कमी-जास्त व्हायचं. लहान प्रश्नानंतर थोडं, मोठ्या प्रश्नानंतर जास्त. कुणीतरी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेईल, बरोबर तेवढं. आणि मग आई म्हणायची, "हां, ते बी खरं हाय."

अंगदने स्वतःला समजावलं, आपण मोबाइलवर बोलणाऱ्या माणसाचं एका बाजूचंच बोलणं ऐकतो, तेव्हाही असंच वाटतं. कानाला सवय असते.

विसाव्या दिवशी ताट उचलताना त्याला कडेला कढीपत्त्याची पानं दिसली. एकाला एक लावून, ओळीने. भारत तसंच करायचा. आयुष्यभर आईची बोलणी खाल्ली त्याने त्यासाठी.

"माय, कढीपत्ता तू काढला?"

"मी कशाला? त्याचं तो काढतोय," आई म्हणाली, आणि हसली. "मोठा झाला तरी सवय जात न्हाई."

ती हसली म्हणून अंगदने पुढे विचारलं नाही. तिनेच काढली असतील, सवयीने. शर्टाच्या बाह्यांना दोन दोन घड्या पडल्या होत्या, त्याही तिनेच घातल्या असतील. त्याने बाह्या मोकळ्या सोडल्या होत्या, एवढं त्याला पक्कं आठवत होतं.

पण बाविसाव्या दिवशी आई बाहेर त्याच्याजवळ मोरीपाशी हात धूत होती, आणि आत फरशीवर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. जेवून उठणारा माणूस सरकवतो तसा. खर्र. मग शांत.

आईने मान वळवली नाही. ती हात पुसत राहिली.

"मांजर असंल," अंगद म्हणाला.

त्यांच्याकडे मांजर नव्हतं.

५

मिलमध्ये शिवशंकर मुकादम हजेरी घ्यायचा. सव्विसाव्या दिवशी त्याने अंगदला बाजूला घेतलं. "दोन दिवस कुठं व्हता?"

"इथंच. तुमच्या म्होरं."

"थट्टा करू नको. मी दोनदा नाव पुकारलं."

"मी दोनदा ओ दिली."

शिवशंकरने त्याच्याकडे जरा डोळे बारीक करून पाहिलं, भट्टीच्या उजेडातून आल्यावर अंधारात पाहतात तसं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दुःख हाय, समजतं मला. पण काम करायचं तर नीट कर."

दुसऱ्या दिवशी टेम्पो त्याच्या समोरून निघून गेला. हात वर करून तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. चहाच्या टपरीवर त्याने तीनदा सांगितलं तेव्हा चहा मिळाला, आणि तोही शेजाऱ्याच्या हातात. अंगद विचार करायचा, की आपणच आतून बुजलोय, आवाज निघत नाही, खाली मान घालून चालतो. माणूस खचला की लोकांच्या नजरेतून उतरतो. भारत असता तर म्हणाला असता, "अंग्या, तू आन् गप्प? लिहून ठेवतो तारीख." आठवलं की आवाज खरंच निघायचा नाही.

एका सकाळी तो ओट्यावर जेवत असताना नंदाबाई ताकाचं भांडं घेऊन आल्या. भांडं त्यांनी त्याच्या मांडीला लागेल एवढं जवळ ठेवलं आणि आत हाक मारली, "उषाबाई, घरात कोण हाय का?"

"मी हाय की, काकू."

नंदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांची नजर हळूहळू त्याच्यावर येऊन थांबली. "अगं बाई, अंगद होय. मला वाटलं, ओटा मोकळाच हाय. आत बसून जेव की. मला आतून आवाज आल्ता ना, भार..." त्या थांबल्या. पदर तोंडाशी नेला. "माझ्या कानाचं काय खरं न्हाई बाबा आता."

त्या गेल्यावर अंगद उठला आणि आत गेला. त्या चौदाव्या दिवसानंतर पहिल्यांदाच ताटाच्या वेळी आत गेला. आई खुर्चीशी तोंड करून बसली होती, खुर्चीची पाठ त्याच्याकडे होती. टोपी दिसत होती. टोपी जरा पुढे झुकलेली होती. ताटावर वाकल्यासारखी.

"माय, माझी भाकरी?" त्याने विचारलं. त्या दिवशी तिने त्याच्या ताटलीत फक्त कालवण दिलं होतं.

टोपी जागेवर थांबली. म्हणजे ती आधी हलत होती, हे त्याला तेव्हा कळलं.

आई दचकून वळली. "तू कवा आलास?" मग तिने कपाळावर हात मारला. "अरे देवा. मी दोनच केल्या रे."

तिने स्वतःची मोडून त्याला दिली. तिच्या हनुवटीला कालवण लागलं होतं. तिचे गाल भरून आले होते. अंगद भाकरी घेऊन बाहेर आला आणि त्याने खुर्चीच्या पुढच्या बाजूला जाऊन पाहिलं नाही.

६

एकोणचाळिसाव्या दिवशी तो कामावर न जाता बद्रीनाथ शेठच्या ऑफिसात गेला. जिना चढताना खालच्या गोदामातला बियाण्यांच्या औषधाचा वास आला. भारतच्या कपड्यांना हाच वास यायचा. अंगद जिन्यात थोडा वेळ बसून राहिला.

भारतच्या शेजारच्या टेबलावर आकांक्षा नावाची मुलगी बसायची. तिने पुस्तकाचं उरलेलं काम घेतलं होतं.

"दादानं गोष्ट अर्धी सोडली," अंगद म्हणाला. "गास्तो मेला, पुतळ्याला ताट वाढलं. एक्केचाळिसाव्या दिवसाचं पान पाहिजे मला."

आकांक्षाने हसू दाबलं नाही, पण ते प्रेमाचं होतं. "तुम्हाला पण सांगायचे का? आम्हाला पण सांगायचे. चहा थंड व्हायचा सगळ्यांचा." तिने पान काढलं, मोबाइल पडद्यासमोर धरला आणि थांबत थांबत वाचलं. "एक्केचाळिसाव्या दिवशी दालनाची दारं उघडली. सगळे उभे राहिले. ड्यूक खुर्चीत बसले होते. त्यांनी जेवणाला सुरुवात केली."

"कोणता ड्यूक?"

"एवढंच हाय."

"धाकटा आत आला का न्हाई? एत्येन?"

तिने शेवटची यादी काढली. सगळे ड्यूक ओळीने होते. "सातवा ड्यूक गास्तो. आठवा ड्यूक... गास्तो."

"आठवा एत्येन पाहिजे."

आकांक्षाने ते नाव टाकून सगळं पुस्तक शोधलं. पडद्यावर पिवळे ठिपके उमटले. ते आधीच्या पानांत होते, नाशपातीच्या झाडाशी, घोड्यावर, भावाच्या आजारपणात. त्या पानानंतर एकही नाही. "मेल्याची तारीख बी न्हाई," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांची हाय."

बद्रीनाथ शेठ मागे येऊन उभे राहिले होते. "त्यात काय. थोरल्याचं नाव लावून घेतलं असंल. मोठ्या घरात घेतात. गादी चालली पाहिजे, नाव कुणाचं का असंना."

"हो, तसंच असेल," आकांक्षा म्हणाली. "खाली एक बारीक ओळ हाय. त्यांच्या आईची. थोरल्या डचेस. आणखी एकोणीस वर्षं जगल्या. रोज मुलाबरोबर जेवायच्या."

अंगदने आभारही मानले नाहीत. तो तसाच जिना उतरून खाली आला. शेठचं म्हणणं त्याला पटत होतं. नाव लावून घेतलं असेल. पण मग धाकट्याचं काय झालं, हे एवढ्या मोठ्या घरात कुणीच कसं विचारलं नाही?

रस्त्यावरूनच त्याने टेंभुर्णीला फोन लावला. "मामा, अंगद बोलतो."

"कोण?"

"अंगद. तुमचा भाचा."

"हां हां. बोल बाबा."

"परवा या. टोपी घालून घेतो. खुर्ची मोकळी करतो."

पलीकडे मामांचा आवाज भरून आला. "लई चांगलं. घर उभं राह्यलं म्हणायचं."

अंगदलाही हलकं वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्याने काहीतरी विचार करून ठरवलं होतं. दादा गेलाय, असं त्याने स्वतःशी मोठ्याने म्हणून बघितलं. ट्रकचा आवाज होता, कुणी वळून पाहिलं नाही.

७

एक्केचाळिसाव्या दिवशी त्याला जाग आली तेव्हा ऊन आलं होतं. खुर्ची रिकामी होती. उशी धुऊन अंगणाच्या दगडी गडग्यावर वाळत टाकली होती, शर्ट दोरीवर. आईनेच काढलं होतं सगळं, तिचं तिनेच. टोपी नीट घडी करून देव्हाऱ्याशी ठेवलेली. चुलीवर कालवण उकळत होतं आणि आई गुणगुणत होती.

अंगद तिथेच जमिनीवर बसला. संपलं. किती सोपं होतं, आणि आपण काय काय मनात आणलं. त्याने चार बादल्या पाणी डोक्यावरून ओतलं. आईने दोरीवरचा चौकड्यांचा शर्ट आणून दिला. "हा घाल. मिलमधल्या शर्टाला लोखंडाचा वास येतो." शर्ट त्याला अंगासरसा बसला. भारत त्याच्यापेक्षा आडव्या अंगाचा होता, पण एवढ्या दिवसांत आपणही भरलो असू, असं त्याला वाटलं.

नऊला मामा आले. नंदाबाई आल्या, भावकीतले चार जण आले. पाट मांडायला लागले तर आई म्हणाली, "खुर्चीवरच बसू द्या. जागा हाय ती." अंगद खुर्चीत बसला. मामांनी गंध लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी ठेवली. टोपी घट्टही नव्हती, सैलही नव्हती. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. महिनाभरात एवढे डोळे एकाच वेळी त्याच्यावर आले नव्हते. त्या नजरांनी त्याला ऊब आली.

आईने स्टुलावर ताट ठेवलं आणि समोर जमिनीवर आपलं घेऊन बसली.

"भारत," ती म्हणाली, "कालवण घालू का आणखी?"

चुकून निघालं असेल. चाळीस दिवसांची सवय. त्याने मामांकडे पाहिलं. मामा भाकरी मोडत होते. नंदाबाई लोटीत पाणी घेत होत्या. कुणालाच काही खटकलं नव्हतं.

"माय, मी..." तो म्हणाला.

आईचा घास हातात थांबला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या गालावरचं रक्त हळूहळू उतरायला लागलं. भिंतीकडे वळलेला तो चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत परत येत होता. घास ताटात ठेवायला तिने हात खाली नेला.

"घाल," तो म्हणाला. "घाल की आणखी."

तिने घातलं. मग आपला घास तोंडात टाकला आणि चावला, गिळला, दुसरा मोडला. मामा म्हणाले, "भारत असल्यावर मला टेंभुर्णीत झोप लागती. बाकी कुणाचं काय न्हाई." भावकीतले हसले. गाईचं विचारलं त्याला, तुरीचं विचारलं. त्याला सगळी उत्तरं माहीत होती. आवाजही लागत होता, जाड, सावकाश.

"आन् अंगद?" त्याने हळूच विचारलं.

आई आठवल्यासारखी थांबली. "येईल की. कामावर गेला असंल. त्याचं काय, जल्दी जल्दी कुठं बी जातंय ते."

तेवढ्यात आईने डोळ्यांवर हात धरला. समोरच्या दारातून ऊन सरळ आत आलं होतं, पण सगळ्या दाराएवढं नाही. मधोमध एक माणसाएवढी सावली फरशीवर पडली होती, ताटांपर्यंत लांब. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. नंदाबाई पाण्याची लोटी घेऊन तिच्यावरून चालत गेल्या.

"भारत, दार लोटून घे रे जरा," आई म्हणाली. "जेवता येऊन न्हाई राह्यलं उन्हानं."

तो उठला. चार पावलांचं अंतर. मान खाली घालूनच चालला, तरी दाराशी पोचल्यावर दिसायचं ते दिसलं. उंबऱ्याबाहेर दोन पाय होते. मिलमधल्या ठिणग्यांनी जळून भोकं पडलेले बूट. एकाची नाडी सुटलेली. लोखंडाचा वास आला. वरून कुणीतरी काहीतरी बोलत होतं, घाईघाईने, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, पण आवाज निघत नव्हता.

आत आई जेवत होती.

त्याने दार लोटलं. ते लागता लागता मधे कशाला तरी अडलं, मऊ आणि कोमट. तो क्षणभर तसाच थांबला. मग खांदा लावून त्याने दार पूर्ण लोटलं, कडी घातली, आणि ताट निवत होतं म्हणून जाऊन बसला.